संगमनेरच्या पुढे

डॉक्टर मॅडम,

तुम्हाला आम्ही आठवणारही नाही. जानेवारीतली सकाळ, कॅज्युअल्टीत ही गर्दी, आणि त्यात आमचे हे. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, वय ५९. बाथरूमचं दार फोडून बाहेर काढलेले. थंडी म्हणून खिडकी घट्ट लावलेली आणि आत गॅस गीझर चालू.

बोटाला लावलेलं यंत्र ९८ दाखवत होतं. माझे दीर म्हणाले, "ऑक्सिजन तर चांगलाय की." तुम्ही मास्क बसवता बसवता सांगितलंत की गीझरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो आणि त्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. रक्त तपासायला पाठवलंत. ३१ टक्के हिमोग्लोबिनला तोच चिकटलेला निघाला.

दुपारी हे चहा मागायला लागले. सुटलो, असं आम्हाला वाटलं. तुम्ही मात्र पुन्हा तेच विचारत होतात : आत किती वेळ होते? बेशुद्ध किती वेळ? तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी चिडले होते, पोलीस चौकशी चाललीय का म्हणून. त्याची आज माफी मागते. पुढे मेंदूचं काय होणार याचा अंदाज रक्तातल्या आकड्यावरून फारसा बांधता येत नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? बेशुद्धी, आत गेलेला वेळ, वय आणि एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना दिसलेले ते ठिपके, सगळं जुळवून तुम्ही म्हणालात, "आता बरे दिसले तरी मेंदूवर उशिरा परिणाम होऊ शकतो. होईलच असं नाही. पण तुम्ही होणार असं धरूनच चाला. चाळीस दिवस." दाबाखालच्या ऑक्सिजनची सोय इथे नाही आणि तिच्या उपयोगाबद्दल डॉक्टरांतच एकमत नाही, हेही लपवलं नाहीत.

केसपेपरच्या मागे लिहून दिलंत : विसरणं, चाल बदलणं, लघवीवरचा ताबा जाणं, गप्प बसणं. खाली एक ओळ : "तोंडपाठ असलेलं काहीतरी रोज म्हणवून घ्या."

यांना तोंडपाठ काय असणार! नाशिक-पुणे. रोज सकाळी चहाबरोबर नाशिकरोड, सिन्नर, नांदूरशिंगोटे, संगमनेर, घारगाव, आळेफाटा... थेट शिवाजीनगरपर्यंत. बावीस दिवस गाडी वेळेवर पोचली. तेविसाव्या दिवशी संगमनेरला थांबली. "पुढे?" म्हटलं, तर पुन्हा "संगमनेर". संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या पायजमा ओला झाला, आणि यांना त्याचं काहीच नाही.

सासूबाई म्हणाल्या नजर लागली. शेजारचे म्हणाले, रिटायर झाल्यावर माणूस असा होतोच. तुमचा कागद नसता तर मीही तेच धरून बसले असते. त्याच रात्री फोन केला, तुम्ही उचललात. दुसऱ्या एमआरआयमध्ये मेंदूच्या आतला पांढरा भाग बिघडलेला दिसला. मग औषधं, फिजिओथेरपी, आणि "बऱ्याच जणांना काही महिन्यांत फरक पडतो" हे तुमचं वाक्य, जे मी दिवसातून दहादा स्वतःला ऐकवत होते.

गीझर आता बाहेर गॅलरीत बसवलाय. आमचं बघून खालच्या मजल्यावरच्यांनीही हलवला.

हे एकटे दूध आणायला जातात. चाल अजून थोडी आखूड आहे. गाडी मात्र शिवाजीनगरला पोचते. घारगाव अधूनमधून गाळतात. विचारलं की म्हणतात, "तिथं कुणी उतारू नव्हता."

आपली,
त्या गीझरवाल्या पेशंटची बायको