अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या चार दिवसांबद्दल

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

विमानतळावर मी आभाराचे दोन शब्द बोलू लागलो, तेव्हा "आधी सामान मोजा" असे म्हणून आपण मला गप्प केलेत. त्या वेळी राहून गेलेले आता सर्वांदेखत लिहितो आहे, म्हणजे आपल्याला अडवता येणार नाही.

आम्हा दोघांना शहर दाखवण्यासाठी मुलीने आणि जावयाने काढलेली रजा ऐनवेळी रद्द झाली होती. माझे इंग्रजी कोर्टाच्या कागदापुरते आणि सौ.चे गुडघे दुखरे, त्यामुळे साताऱ्याहून इतक्या लांब येऊन खिडकीतून खारी मोजत बसण्याची वेळ आली असती. मुलीचे शेजारी एवढीच आपली ओळख. तरीही सत्तरी ओलांडलेले आपण सलग चार दिवस सकाळी नऊच्या ठोक्याला गाडी घेऊन दारात उभे राहिलात आणि वहिनींनी रोज थालीपिठांचा डबा दिला. अट एकच घातलीत, की फोटो शेवटी काढायचे.

ती अट मला पहिल्या दिवशी जाचक वाटली, हे कबूल करतो. मिसिसिपीच्या काठावरची ६३० फूट उंचीची कमान समोर दिसत असताना खिशातला फोन बाहेर काढायचा नाही, म्हणजे काय! पण आपण सौ.ची गळ्यातली साखळी मागून घेतलीत, तिची दोन टोके दोन हातांत धरून ती खाली लोंबू दिलीत आणि म्हणालात, "ही उलटी करा, झाली कमान." साखळी टोकांकडे जड असती तर आकार आणखी जुळला असता, कारण कमानीचे पायही तळाशी ५४ फूट रुंद आणि माथ्यावर १७ फूट आहेत, हेही आपण सांगितलेत. तिचा आराखडा करणारे ईरो सारिनेन १९६१ साली वारले आणि कमान १९६५ मध्ये जुळली. शेवटचा तुकडा बसवताना उन्हाने दक्षिणेकडचा पाय प्रसरण पावू नये, म्हणून अग्निशामक बंबाच्या नळ्यांनी त्यावर पाणी मारत राहावे लागले. त्या पायाच्या पोलादावर आपण माझा तळहात टेकवलात. तिथे लोकांनी नावे कोरून ठेवलेली पाहून अजिंक्यताऱ्याच्या भिंती आठवल्या आणि माणूस सगळीकडे सारखाच, असे मनात येऊन गेले.

कमानीच्या आतून वर नेणाऱ्या पाळण्याचे दार जेमतेम चार फुटांचे आणि आत पाच जणांनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. ते पाहूनच सौ.ने माघार घेतली. आपण तिच्यासोबत खाली थांबलात, म्हणूनच मी निश्चिंत मनाने वर जाऊ शकलो. माथ्यावरच्या अरुंद खिडकीतून पश्चिमेला पाहिले, तर बरोबर समोर जुन्या न्यायालयाचा हिरवट घुमट. खाली उतरलो तेव्हा आपण हसत होतात. मी कुठे जायचे म्हणणार, हे आपल्याला ठाऊक होते.

बत्तीस वर्षे दिवाणी न्यायालयात फायली सांभाळलेल्या माणसाला त्या इमारतीत नेऊन आपण जे दिलेत, त्याचे मोल मला करता येत नाही. ड्रेड स्कॉट आणि त्यांची पत्नी हॅरिएट या गुलाम दांपत्याने १८४६ मध्ये स्वातंत्र्यासाठी दावे लावले, तेव्हा अर्जांवर सहीच्या जागी त्यांनी फुली मारली होती. १८४७ मध्ये पुरावा ऐकीव ठरला म्हणून ते हरले. या एका वाक्यापाशी मी किती वेळ उभा होतो, ते आपण पाहिलेत. ऐकीव पुराव्यावर बुडालेले दावे मी आयुष्यभर सुतळीने बांधून कपाटात ठेवत आलो आहे. १८५० मध्ये याच इमारतीत ज्यूरीने त्यांना मुक्त ठरवले, १८५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि १८५७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असे सांगितले. ज्या इमारतीत ते दांपत्य जिंकले, तिच्याच पायऱ्यांवर गुलामांचे लिलावही होत असत, हे आपण आवाज न चढवता सांगितलेत.

मिसिसिपीवरच्या ईड्स पुलावरून चालताना आपल्यातला पुलांचा अभियंता जागा झाला. १८७४ मध्ये लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यावरून हत्ती चालवला होता, ही गंमत सौ. इथे प्रत्येकीला सांगते. पाया खणताना दाबाखालच्या हवेत काम करून दगावलेल्या मजुरांची हकीकत मात्र मीच सांगतो. फॉरेस्ट पार्कमध्ये १९०४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या इमारतीतले कलासंग्रहालय चांगलेच आहे, पण खरे सांगायचे तर मला तिथली चित्रे फारशी कळली नाहीत. तिकीट मात्र कोणालाच नाही, ही गोष्ट फार आवडली.

शेवटच्या दिवशी कुठल्याही सहलीच्या यादीत नसेल अशा ठिकाणी, कॅल्व्हरी दफनभूमीत आपण नेलेत. १८५७ च्या त्या निकालानंतर काही आठवड्यांतच नव्या मालकाने स्कॉट दांपत्याला मुक्त केले आणि पुढच्याच वर्षी ड्रेड स्कॉट वारले. त्यांच्या समाधीवर लोक लिंकनचा चेहरा असलेली बाजू वर ठेवून एक सेंटची नाणी वाहतात. आपण गाडीच्या खणातून तीन नाणी काढलीत आणि दोन आमच्या हातांवर ठेवलीत. सौ.ने सवयीने नाणे कपाळाला लावले आणि मग ठेवले. फोटो काढायची आठवण तिथे आम्हा कोणालाच झाली नाही.

वहिनींचा डबा मुलीकडेच राहिला आहे. रिकामा परत करायचा नाही, म्हणून पुढच्या महिन्यात तिकडे येणाऱ्या जावयाच्या मित्राबरोबर साताऱ्याचे कंदी पेढे पाठवतो आहे. ते तरी नाही म्हणू नये.

आपला कृतज्ञ,
साताऱ्याचा एक निवृत्त न्यायालयीन अधीक्षक