तिला कानडीही बोलू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या भागातली एक मुलगी यूट्यूबवर चित्राचा चेहरा घेऊन मराठीत लाइव्ह करते. ती माझी भाची. नथ घातलेली, हातात कुंद्याचा डबा धरलेली ही चित्रातली पोरगी तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने काढून दिली. फोनचा कॅमेरा भाचीच्या डोळ्या-ओठांची हालचाल टिपतो आणि पडद्यावरचं चित्र तसंच हसतं, तशीच पापणी लववतं. आवाज तिचाच, मराठीही अस्सल बेळगावी. ‘काय करूलास?’ असं विचारूनच सुरुवात करते. अशा कलाकारांना जगभर व्हीट्यूबर म्हणतात.

मध्यंतरी हुबळी-धारवाडकडची मुलं तिच्या लाइव्हला येऊ लागली, म्हणून एका रात्री ती थोडा वेळ त्यांच्याशी कानडीत बोलली. त्यावर आपल्याच लोकांनी खाली जे लिहिलं ते वाचून मला झोप लागली नाही. ‘विकली गेलीस’, ‘सीमालढ्याशी गद्दारी’, ‘चेहरा दाखव, मग बघू मराठी आहेस का’. आणि सगळ्यात जास्त वेळा, ‘आम्ही होतो म्हणून तू आहेस’.

मी उद्यमबागेत सीएनसी ऑपरेटर आहे. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी आजही असतो, माझे वडीलही असायचे. मराठीतून कागदपत्रं मिळावीत म्हणून भांडणं हा आमचा हक्क आहे आणि तो मी सोडणार नाही. पण ते भांडण सरकारशी आहे. घरात बसून गाणी-गप्पा करणाऱ्या पोरीवर ते काढायचं कारण काय?

ही चाहत्यांची मालकी फक्त आपल्याकडचीच नाही. या प्रकाराला व्हर्च्युअल यूट्यूबर हे नाव जिच्यामुळे रूढ झालं ती जपानची किझुना आय २०१६ च्या अखेरीस आली. २०१८ मध्ये जपानच्या पर्यटन खात्याने तिला परदेशी पाहुण्यांना बोलावण्यासाठी दूत नेमलं. एवढी मोठी झाल्यावर २०१९ मध्ये तिच्या चालकांनी त्याच चित्राला आणखी आवाज जोडले आणि चाहते भडकले. तो राग मला पटतो. चित्र कुणीही हलवावं, पण लोकांनी जीव लावला होता तो आत बोलणाऱ्या बाईवर. २०२२ च्या फेब्रुवारीत तिने काम थांबवलं, पुढे काही वर्षांनी ती परतली.

त्याच फेब्रुवारीतली जपानच्याच उरुहा रुशिया या व्हीट्यूबरची गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. लाइव्ह चालू असताना एका पुरुष गायकाचा मेसेज तिच्या पडद्यावर चमकला आणि काही चाहते असे खवळले, जणू तिने त्यांना फसवलं. महिना संपायच्या आत तिला सांभाळणाऱ्या कंपनीने तिचा करार संपवला. कारण दिलं ते बाहेरच्या लोकांना माहिती पुरवल्याचं, पण आग पेटली होती ती त्या एका मेसेजवरून. तिने कुणाशी बोलावं हे लाइव्हमध्ये पैसे पाठवणाऱ्या चाहत्यांनी ठरवायचं का?

आणि चाहत्यांनी मोकळं सोडलं की काय होतं तेही बघा. जपानच्या होशिमाची सुईसेई या व्हीट्यूबरने २०१८ मध्ये कुठल्याही कंपनीशिवाय एकटीने सुरुवात केली, आणि १ फेब्रुवारी २०२५ रोजी टोकियोच्या बुडोकान सभागृहात तिचा एकटीचा कार्यक्रम झाला. आयर्नमाऊस या व्हीट्यूबरला प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार आहे, घराबाहेर पडणं मुश्कील. तिला डिसेंबर २०२३ मध्ये गेम अवॉर्ड्स या व्हिडिओ गेमच्या पुरस्कारांमध्ये वर्षाची सर्वोत्तम कंटेंट क्रिएटर ठरवलं. खरे चेहरे दाखवणाऱ्यांच्या रांगेत ती चित्रासकट बसली.

आपल्या मराठी माणसाला यात नवीन काय आहे? बालगंधर्वांना आपल्या आज्या-पणज्यांनी शालू नेसलेलं पाहिलं, त्यांची नेसण आणि दागिने उचलले. आतला माणूस पुरुष आहे हे ठाऊक असूनही कुणाचा आनंद कमी झाला नाही. पण १९३५ मध्ये तेच बालगंधर्व प्रभातच्या चित्रपटात एकनाथ महाराज झाले तेव्हा प्रेक्षकांना हवी होती ती नाटकातली भामिनी, ती सिंधू. बाई म्हणून ज्यांना डोक्यावर घेतलं, ते पुरुष म्हणून चालेनात. या कलाकाराचं थोरपण मी लहानपणापासून ऐकत आलो, पण प्रेक्षकांच्या या हट्टाबद्दल कुणी बोलत नाही.

हिंदुस्थानात तर या पोरांच्या पाठीशी कुणी मोठं उभंही नाही. जपानच्या निजिसांजी या व्हीट्यूबर कंपनीने २०२० मध्ये आद्या, नूर आणि विहान अशी तिघं भारतातून आणली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती शाखा बंद झाली. आता जो तो आपापल्या फोनवर, आपापल्या खर्चाने. रात्री अकराला बेळगावी मराठी ऐकणारे किती असणार? पुण्याचे काही जण तिला ‘शुद्ध बोल’ म्हणतात, काही ‘हिंदीत कर, व्ह्यूज येतील’ म्हणतात, आणि आपले लोक म्हणतात मराठीशिवाय शब्द काढू नकोस. वेळेवर यावं, खोटं बोलू नये, पाठवलेल्या पैशाचा हिशोब नीट असावा, एवढं मागायचा हक्क ऐकणाऱ्याला आहे. भाषा, चेहरा आणि मैत्री कुणाशी करायची हे तिचं. आणि कानडी तिला येतेच की, ती इथेच वाढली आहे. हुबळीचा एखादा पोरगा तिच्यामुळे ‘काय करूलास’ शिकला तर आपलं नुकसान काय?

कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी इथे आपण लोकवर्गणीतून मराठी साहित्य संमेलनं भरवतो. आयोजकांना माझी विनंती आहे की यंदा एका सत्रात अशा मुलांना पडद्यावर बोलवा. प्रोजेक्टर, स्पीकर आणि नेटची सोय मी आणि माझे कारखान्यातले मित्र करू. अट एकच. शाल-श्रीफळ द्यायला म्हणून तिला पडद्याबाहेर यायला सांगू नये.

आपला नम्र,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव