चांदी चादरीवर किती, आणि धुलाईनंतर किती?

मा. वस्त्रोद्योग मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस सादर नमस्कार.

विषय : सरकारी खरेदीतील 'नॅनो सिल्व्हर' कापडाच्या अटी

मंत्री महोदय,

रुग्णालयाच्या चादरी, वसतिगृहाचे टॉवेल यांच्या निविदेत नुसतं 'नॅनो सिल्व्हर फिनिश', म्हणजे जिवाणू मारण्यासाठी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची प्रक्रिया, एवढं लिहून भागत नाही. कोरं कापड चाचणीत बहुधा पास होतंच. खरी परीक्षा विसाव्या धुलाईनंतरची.

चांदीचे 100 नॅनोमीटरहून लहान कण पाण्यात विखरतात, त्या द्रावणात (बाथ) कापड बुडवून पॅडिंग मँगलच्या रुळांमधून पिळून काढतात, वाळवतात आणि स्टेंटरवर, म्हणजे गरम हवेच्या यंत्रात, 150 अंशांच्या आसपास दोन-तीन मिनिटं तापवून पक्कं (क्युअर) करतात. सुती कापडाचा पिकअप, म्हणजे कापडाच्या वजनाच्या तुलनेत ते उचलतं तो बाथ, साधारण 70 टक्के. म्हणजे लिटरमागे 50 मिलिग्रॅम चांदी असेल, तर किलोभर कापडावर 35 मिलिग्रॅमच येते. बाथ निम्म्याने पातळ केला तरी चादर हातात घेऊन कुणाला कळणार नाही.

ही चांदी सुताला आपोआप घट्ट धरत नाही. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन बाइंडर, म्हणजे कण सुताला चिकटवणारं रसायन, लागतो. घोळ होतो तो इथेच. उत्पादन वाढवायला स्टेंटर पळवला की पॅनलवर 150 दिसतं, पण ते हवेचं तापमान. जाड टॉवेल तितका तापायच्या आत बाहेर पडतो, बाइंडर कच्चा राहतो आणि चांदी धुऊन जाते. बाइंडर जास्त झाला तर कण त्याच्याखाली गाडले जातात, वर चादर कडक. आधीच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईत (सुती कापडाच्या एका रंगपद्धतीत) वापरलेलं मीठ नीट धुतलं नसेल तर त्यातल्या क्लोराइडमुळे बाथच बिघडतो. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाजारातल्या काही मोज्यांची जवळजवळ सगळी चांदी चार धुलायांत पाण्यात उतरली होती.

म्हणून निविदेत किलोमागे चांदी किती मिलिग्रॅम ते लिहून घ्या आणि 20 धुलायांनंतर पुन्हा मोजा. जिवाणूंची चाचणी आयएसओ 20743 या कापडासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, तीही धुतलेल्या नमुन्यावर करा. धुलाई मात्र रुग्णालयासारखीच हवी. घरगुती पद्धतीने 40 अंशांवर धुऊन पास झालेली चादर गरम पाणी आणि हायपोक्लोराइट ब्लीचसमोर टिकेलच असं नाही. नमुना पुरवठादाराने आणून देऊ नये. गोदामात आलेल्या गठ्ठ्यातून काढून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा.

आणखी एक, ज्याकडे निविदा काढणारे बघतच नाहीत. लॉट संपल्यावर मँगलच्या ट्रफमध्ये (कापड बुडवायच्या कुंडात) आणि टाकीत बाथ उरतो. तो गटारात सोडला की सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जातो, जिथे पाणी साफ करण्याचं काम जिवाणूच करतात, आणि चांदी मारते ती जिवाणूंनाच. इचलकरंजीसारख्या गावात, पंचगंगेच्या काठी, हे परवडणारं नाही. उरलेला बाथ झाकून पुढच्या लॉटला वापरावा. वापरण्याजोगा नसेल तर वेगळा साठवून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणातून अशा फिनिशिंगच्या यंत्रांना अनुदान देताना या वेगळ्या टाकीची अटही घालावी.

आपले,
प्रोसेसिंगमधील तंत्रज्ञ