बदलीच्या नावाखाली घेतलेले राजीनामे कोण मोजणार?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

टीसीएसने जुलै 2025 मध्ये सुमारे 12 हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा तो आकडा सगळीकडे छापून आला. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅमेझॉनने 14 हजारांचा आकडा सांगितला, तोही आला. आमच्या ऑफिसातल्या चाळीस-बेचाळीस जणांचा आकडा कुठेच येणार नाही, कारण कागदोपत्री आम्हाला कोणी काढलेलेच नाही.

मी डिचोलीची. एका सॉफ्टवेअर कंपनीत तेरा वर्षे टेस्टिंगचे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचे काम करते आहे. गेल्या महिन्यात एचआरने व्हिडिओ कॉलवर सांगितले की गोव्याचे ऑफिस बंद करून सगळ्या टीम पुण्यात एकत्र आणायच्या आहेत. दुसऱ्या दिवशी ईमेलने फॉर्म आला. त्यात दोनच चौकटी: साठ दिवसांत पुण्याला रुजू होईन, किंवा स्वेच्छेने राजीनामा देईन. घरून काम करू द्या म्हणून विनवले, तर ‘पॉलिसी बदलली’ एवढेच उत्तर मिळाले. कोविडच्या काळात हेच काम आम्ही डिचोली, साखळी, वाळपईतल्या आपापल्या घरून केले होते. भर पावसात वीज जायची, तरी इन्व्हर्टरवर रात्र काढून रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, वेळेत दिली होती.

पुणे काही परदेशात नाही, असे शेजारचे म्हणतात. खरे आहे. पंचविशीत असते तर मीही रात्रीची बस धरली असती, आणि आमच्यातली चार-पाच तरुण मुले गेलीही. पण माझे यजमान वीज खात्यात आहेत. त्यांची बदली झाली तर पेडण्याहून काणकोणला होईल, पुण्याला नाही. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात न्यावे लागते. माझ्यासारखी, चाळिशीच्या आसपासची, संसारात अडकलेली माणसे उठून जाणार नाहीत हे फॉर्म तयार करणाऱ्यांना कळत नसेल, असे मला वाटत नाही.

त्या दुसऱ्या चौकटीत खूण केली की काय जाते, हे मला वकिलांकडे गेल्यावर कळले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन आणि सरकारला सूचना द्यावी लागते. माझ्या बाबतीत ती भरपाई साधारण साडेसहा महिन्यांच्या वेतनाइतकी होते. स्वेच्छेचा राजीनामा दिला की यातले काहीच उरत नाही. ग्रॅच्युइटी तेवढी मिळते. शिवाय तुम्ही ‘लीड’ म्हणजे गटप्रमुख आहात, म्हणून कायद्याच्या दृष्टीने कामगारच नाही, असेही सांगितले जाते. माझ्या हाताखाली एकही माणूस नाही, कोणाची एक दिवसाची रजा मंजूर करायचा मला अधिकार नाही. मी दिवसभर टेस्ट केस चालवते.

माझे बाबा खाणीवर ट्रक चालवत. 2012 साली खाणी बंद झाल्या, त्याच वर्षी मला ही नोकरी लागली आणि घर तरले. तेव्हा डिचोली-सत्तरीतल्या अंगणा-अंगणांत उभे राहिलेले ट्रक येता-जाता सगळ्यांना दिसत होते. त्यामुळे ओरड झाली, सरकारला कर्जसवलतीची योजना आणावी लागली. आमची नोकरी गेली तर अंगणात काहीच उभे दिसणार नाही. लॅपटॉप कुरिअरने परत जातो आणि माणूस घरात बसतो. कित्येकांनी तर अजून आई-वडिलांनाही सांगितलेले नाही.

राज्य सरकारने 2018 मध्ये माहिती तंत्रज्ञान धोरण आणले, कंपन्यांसाठी सवलती ठेवल्या. गोव्यातल्या मुलांना गोव्यातच काम मिळावे हा त्यामागचा हेतू मला मनापासून पटला होता. म्हणून पाटोच्या श्रमशक्ती भवनातील कामगार आयुक्तांना माझी विनंती आहे: एखादी कंपनी इथले ऑफिस बंद करते, तेव्हा त्या दोन-तीन महिन्यांत आलेले राजीनामे तिच्याकडून मागवून घ्या, ते देणाऱ्यांना बोलावून विचारा आणि किती जण खरोखर स्वेच्छेने गेले ते जाहीर करा. आयटीतल्या बांधवांना एवढेच सांगते, की फॉर्म, ईमेल, चॅट यांच्या प्रती आताच ठेवा. ऑफिसचे लॉगिन बंद झाले की हातात काही राहत नाही.

माझ्या फॉर्मची मुदत येत्या शुक्रवारी संपते. मी दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवणार आहे आणि खाली लिहिणार आहे, ‘मला गोव्यात काम करायचे आहे. इथे काम नसेल, तर कंपनीने मला तसे लेखी कळवून कमी करावे.’

आपली नम्र,
एक वाचक, डिचोली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)