‘कानडा राजा’ गदिमांचा, ‘कानडा हो विठ्ठलु’ ज्ञानेश्वरांचा

महोदय,

आषाढी जवळ आली की ‘कानडा राजा पंढरीचा’ हे गीत निवेदनांत आणि कार्यक्रमपत्रिकांत ‘संत ज्ञानेश्वरांचा अभंग’ म्हणून खपते. ते ग. दि. माडगूळकरांनी ‘झेप’ या चित्रपटासाठी लिहिले आहे. पुरावा शोधायला दूर जायला नको. शेवटच्या कडव्यात नामदेव-चोखोबांच्या मागोमाग पुरंदर आणि दामाजी येतात. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ मध्ये. दामाजीपंत पंधराव्या शतकातले, तर पुरंदरदासांचा जन्म १४८४च्या सुमाराचा. हे कडवे ज्ञानेश्वर लिहिणार कसे?

ज्ञानेश्वरांचा ‘कानडा’ निराळा, आशाताईंनी गायलेला ‘कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु’. तो त्यांच्या अभंगगाथेच्या पादसूचीत (पहिल्या चरणांच्या अकारविल्हे यादीत) ‘क’खाली मिळत नाही, आणि तिथेच बरेच जण शोध सोडतात. छापील अभंग ‘पांडुरंगकांति दिव्य तेज झळकती’ येथून सुरू होतो, म्हणून ‘प’ पाहावा. गायक ध्रुपद, म्हणजे पालुपद, उचलून मुखडा करतात, त्यामुळे गाण्याची ओळखीची ओळ गाथेत पहिली असेलच असे नाही. शिवाय अभंगक्रमांक आवृत्तीगणिक बदलतो. नुसता क्रमांक देऊन भागत नाही, पहिला चरण आणि आवृत्तीही द्यावी.

एरवी कर्ता ठरवायला पहिला आधार नाममुद्रेचा, म्हणजे अभंगाच्या शेवटी कवीने गुंफलेल्या नावखुणेचा. ‘बाप रखुमादेविवरु’ असेल तर ज्ञानेश्वर, ‘एका जनार्दनीं’ असेल तर एकनाथ. पण जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या तीन-सव्वातीन मिनिटांत लांब अभंग मावत नसे. कडवी गळत, आणि शेवटचे गळले की मुद्राही जाई. म्हणून ध्वनिमुद्रणावर न विसंबता पूर्ण पाठ पाहावा. मुद्राही डोळे झाकून मानू नये: नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या, दुसऱ्याच कवीच्या रचना मिसळल्या आहेत. तुकोबांना तर अभंगांची चोरी हयातीतच सोसावी लागली. दुसऱ्यांची वचने आपली म्हणून खपवणाऱ्या सालोमालोंविषयी ते म्हणतात, ‘मोडूनि संतांचीं वचनें । करिती आपणां भूषणें’.

सर्वांत जास्त खटकते ते ‘अवघा रंग एक झाला’ चोखामेळ्यांच्या नावावर छापलेले पाहून. त्याची अखेर ‘म्हणे चोखियाची महारी’ अशी आहे, म्हणजे बोलते आहे ती चोखोबांची पत्नी. सोयराबाईंनी स्वतःची ओळख पतीच्या नावाने दिली, एवढ्यावरून अभंग पतीचा होत नाही. आपल्या आषाढी पुरवणीत त्या अभंगाखाली ‘संत सोयराबाई’ असे नाव छापावे, ही विनंती.

– संतवाङ्मयाचा एक वाचक, पुणे