रिठे पाठवतेय, पण आधी हे वाच

वाई, मंगळवार

चि. मंदार यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, रिठे मिळतात का गं अजून?" आणि मी काही बोलायच्या आत बाळ रडायला लागलं, तू फोन ठेवलास. पण मागून सायलीचा आवाज मला ऐकू आला होता. हाताला कपडे धुण्याची पावडर लागली की आग होते म्हणत होती. तेव्हापासून जिवाला चैन नाही. रोजचे लंगोट, दुपटी, झबली, सगळं हाताने आणि तेही बोअरच्या जड पाण्यात. बोटांच्या पेरांना भेगा पडणारच.

आज सकाळीच काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन अर्धा किलो रिठे आणले. शेजारच्या काकांचा मुलगा शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडे पिशवी देते. पण नुसती पिशवी पाठवून भागणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं बाटल्या धुतल्या, द्रावणं करून दिली. कोणती वस्तू कशावर चालते आणि कशावर चालत नाही हे तुम्हा दोघांना नीट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आधी रिठ्याचं सांगते. रिठा हलवून बघ, आत बी खुळखुळते. वरवंट्याने हलकेच टोला दिला की साल फुटते आणि काळीभोर गुळगुळीत बी टुणकन बाहेर येते. फेस सालीत असतो, बी बाजूला काढायची. दहा-बारा रिठ्यांच्या साली तांब्याभर पाण्यात रात्री भिजत घाल. सकाळी त्याच पाण्यात दहा मिनिटं उकळ. भांडं मोठं घे रे, दुधासारखं उतू येतं आणि गॅस चिकट होऊन बसतो. कोमट झालं की साली हाताने चांगल्या कुस्कर आणि जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळून घे. चहाच्या रंगाचं पाणी निघतं, वास जरासा आंबूस. बाहेर ठेवलंस तर दोन दिवसांत आंबतं, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं, म्हणून थोडंथोडंच करत जा. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'रिठा' लिही, नाहीतर कुणीतरी कोकम सरबत समजून तोंडाला लावेल. आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

तुझी आजी तिच्या पैठणीला साबण शिवू द्यायची नाही. मला नवी असताना वाटायचं, जुन्या बायकांची समजूत असेल. मग एकदा प्रयोगशाळेत मी स्वतः बघितलं. साबणाच्या पाण्यात तांबडा लिटमस बुडवला, तो निळा झाला. रिठ्याच्या पाण्यात निळा बुडवला, तो तांबूस झाला. म्हणजे साबण अल्कधर्मी आणि रिठा किंचित आम्लधर्मी. रेशीम आणि लोकर म्हणजे प्रथिनंच, आपल्या केसांसारखी. अल्काने ती खरखरीत होतात, त्यांची झळाळी जाते. आजीला लिटमस माहीत नव्हता, पण तिची पैठणी आजही माझ्या कपाटात आहे आणि पदरावरचे मोर कालच विणल्यासारखे दिसतात. आपली कातडीही आम्लाकडेच झुकणारी असते, म्हणून साबणाने कोरडे पडलेले हात रिठ्याने त्यामानाने कमी दुखावतात. तरी सायलीने पहिल्यांदा मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून अर्धा दिवस थांबावं. रिठ्यानेही कुणाकुणाला खाज येते. आणि भेगांतून रक्त येत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून तिला आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे ने.

जड पाण्याचं कोडंही इथेच सुटतं. तुमच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. साबणाची वडी त्यांच्याशी मिळून पांढरी साय करते, फेस होत नाही, आणि तीच साय कपड्यात बसून दुपटं कडक होतं. रिठ्यात फेस करणारं जे सॅपोनिन असतं, त्याची तशी साय होत नाही.

पण मंदार, रिठ्याकडून त्याच्या कुवतीबाहेरची अपेक्षा करू नका. बाळाची झबली, लोकर, रेशीम, सायलीच्या सुती साड्या, एवढ्यांना तो उत्तम. तुझ्या शर्टाची काळी पडलेली कॉलर किंवा स्वयंपाकघरातलं तेलकट फडकं त्याने निघत नाही. नुसत्या रिठ्यावर महिनाभर धुतलेले पांढरे कपडे मळकट दिसायला लागतात, हे मी करून बघितलंय. तिथे धुण्याचा सोडा लागतो. बादलीभर कढत पाण्यात दोन चमचे टाकून कपडे अर्धा तास भिजव. सोडा पाण्यातला जडपणा खाली बसवतो आणि तेलकटपणा सोडवतो. मात्र त्यात हात घालायचा तर रबरी हातमोजे घालूनच, आणि तो हात तुझा असू दे, सायलीचा नको. रेशमाला, लोकरीला सोडा लावायचा नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तर मुळीच नाही, पातेलं काळं पडतं.

लंगोटाचं वेगळं. आधी गार पाण्यात खळबळून काढा, मगच गरम पाणी. शी किंवा रक्त लागलेल्या कपड्याला पहिल्यांदाच गरम पाणी घातलं तर डाग शिजून बसतो, अंड्याचा पांढरा बलक बसतो तसा. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं की कपड्यात राहिलेला साबण सुटतो. बाजारातलं कपडे मऊ करायचं द्रव्य लंगोटाला वापरू नका, धाग्यावर त्याचा थर बसतो आणि कापड ओल शोषत नाही. मग ऊन. गॅलरीत दहा ते दोन ऊन येतं असं सायली म्हणाली होती, तेवढं पुरे.

आता त्या दुपट्याचं. बारशाला तुझ्या मावशीने आणलेल्या पांढऱ्या दुपट्यावर हळद सांडली, तुम्ही साबण लावला आणि डाग रक्तासारखा लाल झाला म्हणून घाबरून मला फोटो पाठवलात. मी तेव्हा पाहुण्यांच्या गडबडीत "काही होत नाही" एवढंच म्हणाले. खरं म्हणजे हळदीचा रंग अल्कात गेला की लालसर होतो, आम्लात परत पिवळा. आम्ही शाळेत मुलांना हळदीचा कागद करून हाच प्रयोग दाखवायचो. ते दुपटं साध्या पाण्याने साबण जाईपर्यंत खळबळा, लाली जाईल. पिवळं उरेल ते ओलं असतानाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. एका दिवसात नाही गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं करून टाका. घासत बसू नका, दुपटं विरेल.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ. चिंचेतलं आम्ल काळा थर विरघळवतं, पण घासल्यावर लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडं पुसलं नाही तर संध्याकाळपर्यंत पुन्हा काळं. इलेक्ट्रिक किटलीत तळाला जो पांढरा थर बसतो तो क्षारांचा. पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व टाकून उकळ, फसफसून सुटेल. पण हीच आंबट वस्तू ओट्यावर सांडू देऊ नकोस. तुमचा ओटा कडप्प्याचा आहे ना? कडप्पा काय, आपल्या घरातली शहाबादी फरशी काय आणि संगमरवर काय, सगळे चुन्याच्याच जातीचे दगड. लिंबू पिळून ठेवलेलं जरी राहिलं तरी तिथली चकाकी जाऊन पांढरट गोल उमटतो आणि तो पुसून जात नाही. आपल्या देवघरासमोर तसे तीन गोल आहेत, निर्माल्यातल्या लिंबांचे.

सायलीने मला एक व्हिडिओ पाठवला होता, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाटलीत भरून ठेवायचं आणि सगळं घर त्याने पुसायचं. तिला सांग, फसफस बघायला छान वाटते, पण ती फसफस म्हणजे दोघांनी एकमेकांना संपवणं. उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. सोड्याचं काम असेल तिथे सोडा, आंबटाचं असेल तिथे आंबट, वेगवेगळ्या वेळी वापरायचं. आणि असं फसफसणारं काहीही झाकण घट्ट लावून ठेवू नका, बाटली फुटते. संत्र्याच्या सालींचं ते आंबवलेलं पाणी करायचं तिच्या मनात आहे ना, एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी? जरूर करू दे. फरशीला चांगलं आहे. पण काचेच्या बरणीत नको, प्लास्टिकच्या बाटलीत, अर्धीअधिक मोकळी ठेवून, आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. तीन महिने लागतात.

आता ज्याच्यासाठी मी मुळात हे पत्र लिहायला बसले ते.

तू सातवीत होतास. दिवाळीच्या आदल्या रविवारी मी मोरी आणि संडास घासायला घेतला. आधी संडासाचं ॲसिड ओतलं होतं, ते पिवळे डाग काही निघेनात. मला वाटलं वर थोडी ब्लीचिंग पावडर टाकावी म्हणजे स्वच्छही होईल आणि जंतूही मरतील. मूठभर टाकली. क्षणात घशात सुई टोचल्यासारखं झालं, डोळ्यांतून पाणी, श्वास आत जाईना. वळून बघते तर तू दारात उभा, हातात आकाशकंदिलाची कामटी, आणि तू खोकायला लागला होतास. तुला दंडाला धरून मी अंगणात ओढत नेलं. तुझे ओठ मला निळसर दिसले. तो भास होता की खरं, ते मला आजही सांगता येत नाही. तासाभराने तू परत कामट्या सोलायला बसलास, माझे हात मात्र रात्रीपर्यंत थरथरत होते.

तो वायू क्लोरीन होता. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या इप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला तोच. मी प्रयोगशाळेत त्याच्या बाटलीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवलेली बाई, आणि घरच्या घाईत मला ते सुचलं नाही. म्हणून सांगते, ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये काहीही मिसळायचं नाही. ॲसिड नाही, व्हिनेगर नाही, लिंबू नाही, अमोनिया असलेला काचा पुसायचा फवाराही नाही. 'घरगुती आहे, नैसर्गिक आहे' म्हणून व्हिनेगर त्यातून सुटत नाही. कामवाल्या मावशींनाही समोर उभं राहून सांग. ब्लीच आणि ॲसिड एका कप्प्यात ठेवू नका.

डांबरगोळ्यांबद्दलही तेवढंच निक्षून सांगते. मी तुझ्यासाठी विणलेला पिवळा स्वेटर ट्रंकेत डांबरगोळ्यांत होता. बाळासाठी तो पाठवायचं फार मनात आहे, पण आत्ता पाठवत नाही. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक विकर, म्हणजे एन्झाइम, कमी असतं. त्याला जी-सिक्स-पीडी म्हणतात. अशा बाळांना डांबरगोळीच्या वासाने, त्यात ठेवलेल्या कपड्यांनीसुद्धा रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. आपल्या बाळाची ती तपासणी झाली आहे का, ते पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना विचार. स्वेटर मी रिठ्याने दोनदा धुतला आहे, रोज गच्चीवर सावलीत वाऱ्यावर टाकते. वास पूर्ण गेल्याशिवाय तो तुमच्या घरात येणार नाही. तुमच्या कपाटात गोळ्या असतील तर आजच काढून टाका. त्याऐवजी कडुनिंबाचा वाळवलेला पाला आणि वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लोकरीचे कपडे धुऊन, उन्हात तापवूनच आत ठेवायचे. कसर लागते ती घामाच्या, खरकट्या डागांच्या कपड्याला आधी. आणि कापूर ठेवायचा मोह झाला तर बाळाच्या हाताला येईल तिथे नको, पोटात गेला तर तोही विषच.

रिठाही तसाच. त्याच्या पाण्याने मासे मरतात, पूर्वी डोहात टाकून मासे धरायचे लोक. म्हणून उरलेलं पाणी ओढ्या-तळ्यात ओतायचं नाही, कुंडीतल्या झाडांना पातळ करून घाल. आळंदीला इंद्रायणीवर बर्फासारखा फेस तरंगतो तो तू पालखीच्या वेळी बघून आलास आणि दोन दिवस अस्वस्थ होतास. कारखान्यांच्या पाण्याबरोबर आपल्या सगळ्यांच्या मोऱ्यांचं पाणीही तिथेच जातं. पावडर तुम्ही पूर्ण सोडावी असं मी म्हणत नाही. पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मी टाकून बघा, रोजच्या घामाच्या कपड्यांना तेवढी पुरते.

पिशवीत रिठ्यांखाली धुण्याच्या सोड्याची पुडी आहे, दोन गाठी मारल्यात, खाण्याच्या सोड्याशेजारी ठेवू नकोस. खोबरेल तेलाची बाटली सायलीसाठी, घाण्याचं आहे. रात्री हात धुऊन, ओलसर असतानाच चोळायचं आणि सुती हातमोजे घालून झोपायचं. आणि रिठे फोडशील तेव्हा खाली कापड अंथर, बिया मोजून उचल. बारा रिठे फोडलेस तर बारा बिया हातात आल्या पाहिजेत. बाळ आता पोटावर सरकायला लागलंय, दिसेल ते तोंडात घालतंय, आणि ती बी बरोबर त्याच्या घशाएवढी आहे.

रविवारी फोन कर. सायलीचे हात कसे आहेत ते तिलाच सांगू दे.

तुझी,
आई