कुडाळच्या रेडिओवाल्या काकांस, फ्लॉपी ड्राइव्हच्या निमित्ताने

काका, सप्रेम नमस्कार.

ड्राइव्ह पुण्याला सुखरूप पोचला, घेणाऱ्याने लावून बघितला आणि पैसे मामींच्या खात्यात जमा झाले. मामींनी ते पडवीच्या कौलांसाठी बाजूला काढून ठेवलेत. फोनवर हे सांगितलं तेव्हा तुम्ही "बरां झालां" एवढंच म्हणालात आणि दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून फोन ठेवलात. माझं बोलणं राहून गेलं. म्हणून हे पत्र लिहितेय, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आपल्याकडे बोटीवरून, आखातातून आलेल्या किती वस्तू माळ्यांवर पडून असतील, आणि त्यांच्यापर्यंत तुमच्यासारख्या माणसाच्या आधी भंगारवाला पोचत असेल.

आमच्याकडेही तो पोचला होता. आगोटीच्या आधी मामींना माळा रिकामा करायचा होता. तिथे एका गोणपाटात गुंडाळलेली ती पेटी निघाली. हातभर लांब, फिक्या मातकट रंगाची, पाचेक किलो वजनाची. समोरची नावाची पट्टी गळून पडलेली, खालचं लेबल कसरीने अर्धं खाल्लेलं. शेजारच्यांनी बघून स्टॅबिलायझर म्हटलं, कारण पुढे एक हिरवा आणि एक लाल दिवा. कोणी गाडीतला टेप म्हटलं. भंगारवाल्याने काही म्हटलं नाही, सरळ काट्याला लावली. मामा बोटीवर इंजिनरूममध्ये होते, दर खेपेला काहीतरी यंत्र आणायचे, एवढंच मामींना सांगता येत होतं. पेटी काट्यावरून उतरवून मी ती तुमच्याकडे घेऊन आले, कारण मालवणात जुना रेडिओ बिघडला की लोक तुमचंच नाव सांगतात.

तुमचा पहिला प्रश्न होता, "गो बाय, प्लग लावलंस नाय मां?" लावला नव्हता. मग मी किमतीचं विचारलं, तर म्हणालात, "आधी वस्तू कसली ती बघूया, किंमत मगे." पुढचे सगळे महिने तुम्ही त्याच क्रमाने चाललात, आणि माझे आभार मुख्यतः त्यासाठी आहेत.

समोरची फट बघून फ्लॉपी ड्राइव्ह, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या वाचणारं यंत्र आहे हे तुम्ही लगेच सांगितलंत, सव्वापाच इंची. पण कोणत्या कॉम्प्युटरचा, हे समोरून कळत नव्हतं. तुम्ही पेटी फिरवली आणि पाठीमागची बाजू बॅटरीच्या उजेडात वाचायला लागलात. तुमची पहिली शंका बीबीसी मायक्रोची होती, कारण १९८४ पासून सरकारच्या 'क्लास' योजनेतून शाळांमध्ये आलेले ते कॉम्प्युटर तुम्ही पाहिले होते. ती तुम्हीच खोडून काढलीत. बीबीसीच्या ड्राइव्हला ३४ तारांची चपटी पट्टी असते. इथे होती दोन गोल सॉकेटं. पाच पिनांचं तसलं सॉकेट तुम्ही फिलिप्सच्या रेडिओंना आणि टेपरेकॉर्डरना आयुष्यभर जोडत आलात, पण यात सहा भोकं होती, पाच कडेने आणि एक मधोमध. तुम्ही ते कागदावर काढून घेतलंत आणि मला दुसऱ्या आठवड्यात यायला सांगितलंत.

त्या आठवड्यात तुम्ही केवढं वाचलंत! मी आले तेव्हा कागदावर त्या काळातल्या इतर कॉम्प्युटरांच्या जोडांच्या आणखी आकृत्या होत्या. अमिगाच्या बाहेरच्या ड्राइव्हला २३ पिनांचा जोड, जुन्या मॅकिंटॉशच्याला १९ पिनांचा, अटारी एसटीच्या ड्राइव्हला १४ पिनांचा गोल. आणि सहा पिनांची दोन सॉकेटं, आतच बसवलेला पॉवर सप्लाय, मागे फ्यूज आणि बटण, पुढे हिरवा-लाल दिवा, म्हणजे कमोडोरचा १५४१. कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरसाठी १९८२ साली काढलेला. दोन सॉकेटांपैकी एक कॉम्प्युटरकडे जाणारं, दुसरं पुढच्या ड्राइव्हसाठी किंवा प्रिंटरसाठी. पट्टी नाही, लेबल नाही, तरी वस्तू स्वतःच स्वतःचं नाव सांगत होती. ते वाचायची सवय असलेला माणूस मात्र समोर हवा.

उरलेल्या अर्ध्या लेबलावर तुम्ही बोट ठेवलंत, तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं होतं. अमेरिकेतला माल. आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीवर लावला असता तर आतला ट्रान्सफॉर्मर तिथेच जळाला असता. माळ्यावरची वस्तू मिळाली की आपल्याकडे प्रत्येकजण आधी काय करतो? "चालते का बघूया" म्हणत प्लग लावतो. परदेशातून आलेलं काहीही घरात असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं, आधी खालचं लेबल, मग भिंत.

कॉम्प्युटर मात्र घरात नव्हता. मामांनी तो पुढे कोणाला तरी दिला असावा. अमेरिकन मशीन एनटीएससी पद्धतीचं चित्र देतं आणि आपले त्या काळातले टीव्ही 'पाल' या वेगळ्या पद्धतीवर चालायचे, तेव्हा आपल्या टीव्हीवर ते धड दिसलंच नसणार, हा तुमचा तर्क मला पटतो. कॉम्प्युटरशिवाय ड्राइव्ह तपासायचा कसा, हे मला कोडं होतं. तुम्ही सांगितलंत की या ड्राइव्हच्या पोटात स्वतःचाच प्रोसेसर आहे, ६५०२, सोबत २ केबी रॅम आणि १६ केबी रॉम, त्यामुळे चालू केला की तो आधी स्वतःलाच तपासतो. ते ऐकून मी चाटच पडले.

पण चालू करायच्या आधी तुम्ही तो उघडलात. खारी हवा आतपर्यंत गेलेली होती, स्क्रूंची डोकी गंजलेली, सरकपट्टीवरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. हेड, म्हणजे फ्लॉपी वाचणारा-लिहिणारा भाग, कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलंत, दांड्यांना नवीन तेल दिलंत, कंडेन्सर फुगलेत का बघितलेत, फ्यूज बदललात. मग व्होल्ट उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या आधी सिरीजमध्ये बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटेल आणि ड्राइव्ह वाचेल, हे तुम्ही मला शिकाऊ पोरासारखं समजावलंत. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला. हिरवा दिवा लागला, लाल लागला, मोटर सेकंदभर फिरली, थांबली, लाल विझला. लाल लुकलुकत राहिला असता तर आतली एखादी चिप गेली असं समजायचं होतं. दुकानात बसलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, मामी रडल्या.

इथे थांबून विकता आला असता, आणि मी तसं म्हटलंही. तुम्ही नको म्हणालात. दिवे लागले म्हणजे वाचतो असं नाही, आणि "जां तपासूक नाय, तां चालतां म्हणान लिवचां नाय."

तुमचा जुना विद्यार्थी गणपतीला मुंबईहून येणार होता. तोवर अख्खा पावसाळा तुम्ही ड्राइव्ह स्वतःच्या कपाटात ठेवलात, बारीक बल्ब लावून आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून, जशी आपण लग्नाची शालू-शेलाऱ्यांची कपाटं सांभाळतो. चतुर्थीनंतर तो झूमफ्लॉपी नावाचं छोटं बोर्ड घेऊन आला. त्याची एक बाजू ड्राइव्हला, दुसरी लॅपटॉपच्या यूएसबीला. त्या मुलाचेही आभार, सुट्टीतली एक संध्याकाळ त्याने यात घातली. हा ड्राइव्ह खटका फिरवून बंद करायच्या प्रकारातला, आणि त्या प्रकारात हेडच निकामी होण्याची तक्रार फार, हे त्याच्याकडून कळलं. नवी फ्लॉपी फॉरमॅट करताना आतून असा खडखडाट झाला की मी घाबरले. हेड पहिल्या ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या पहिल्या गोल पट्ट्यावर पोचलं हे सांगणारा सेन्सर यात नाही, म्हणून ते अडेपर्यंत आपटतं, हा त्याचा स्वभाव आहे, असं तो म्हणाला. मग ३५ ट्रॅक, ६८३ ब्लॉक, एकही चूक न येता लिहून वाचून झाले.

मामांच्या जुन्या फ्लॉप्याही घरात होत्या, त्यांचं तुम्ही फार जपून केलंत. फ्लॉपीच्या कव्हराला असलेल्या खिडकीतून आतली चकती हळू फिरवत प्रत्येक फ्लॉपी बघितलीत आणि पांढरे ठिपके असलेल्या वेगळ्या काढल्यात. बुरशी लागलेली एक फ्लॉपी जरी घातली तरी ती हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खरवडते. उरलेल्यांतल्या बऱ्याचशा वाचल्या गेल्या, बहुतेक खेळ. काही फ्लॉप्यांच्या दुसऱ्या कडेलाही हाताने खाच कापलेली होती. ड्राइव्ह एकाच बाजूने वाचणारा, म्हणून लोक अशी खाच पाडून फ्लॉपी उलटी घालायचे. ती खाच मामांनी पाडलेली असणार. मामींनी त्या फ्लॉप्या विकायच्या नाहीत असं ठरवलं, आणि तुम्ही "ह्याच्यामुळे किंमत कमी येईल" असं एकदाही म्हणाला नाहीत.

किमतीबद्दल मला सगळ्यांत जास्त लिहायचं आहे. एवढी मेहनत झाल्यावर मला वाटत होतं की आता ही दुर्मिळ चीज आहे, मागू ती रक्कम मिळेल. माझ्या भावाने तर परदेशातल्या जाहिराती बघून आकडाही काढला होता. तुम्ही आम्हाला समोर बसवून सांगितलंत की कमोडोर ६४ जगात एक कोटीहून जास्त विकला गेला, कंपनी १९९४ साली बुडेपर्यंत, आणि त्याच्याबरोबर हे ड्राइव्हही अफाट खपले. दुर्मिळ नाही. लोक मागतात तो आकडा बघू नका, प्रत्यक्षात विकलं गेलं तो बघा. भारतात असे ड्राइव्ह कमी आहेत, पण ते हवे असणारेही कमी आहेत. मोल आहे ते चालू असण्याला, आणि चालू आहे हे दाखवता येण्याला. हे सांगायला धीर लागतो, कारण समोर मामी बसल्या होत्या आणि त्यांना पैशांची गरज होती. पण त्यामुळेच आम्ही योग्य आकड्याला मागितला आणि घासाघीस न होता तोच मिळाला.

जाहिरातीचा मजकूर तुम्ही तुमच्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहून दिलात. पहिल्याच ओळीत "१२० व्होल्ट, स्टेपडाउन लागेल". मग काय तपासलं, कशाने तपासलं, काय तपासलेलं नाही. प्रत्यक्ष कमोडोर ६४ ला लावून बघितलेला नाही, हेही. समोरची पट्टी नाही, स्क्रू गंजलेले आहेत, रंग पिवळटला आहे. पिवळेपणा घालवायला केस ब्लीच करू म्हटलं तेव्हा तुम्ही हात जोडलेत. फोटो पुढून, मागून, लेबलाचा, आणि आतल्या बोर्डाचा. पुण्याच्या त्या गृहस्थांनी नंतर मला सांगितलं की त्यांनी फोन केला तो "तपासलेलं नाही" ही ओळ वाचून. त्यांच्याकडे स्टेपडाउन आधीपासूनच होता.

पाऊस पूर्ण जाईपर्यंत पाठवायचा नाही, हा तुमचाच हुकूम. आंब्याचा खोका मी आणला तो तुम्ही परत पाठवलात, त्याला हवेसाठी भोकं असतात आणि पुठ्ठा एवढं वजन पेलत नाही. जाड पुठ्ठ्याचा तुकडा फ्लॉपीच्या मापाने कापून ड्राइव्हमध्ये घातलात आणि खटका बंद केलात, म्हणजे वाटेत हेड हिंदकळणार नाही. मग प्लास्टिक, बबलरॅप, एक खोका, त्याच्याबाहेर दुसरा खोका, दोन्हींच्या मध्ये चारी बाजूंनी भर. "आधी पुठ्ठा काढा, मग चालू करा" अशी चिठ्ठी सगळ्यांत वर.

पुण्याहून आता निरोप आलाय. त्यांच्याकडे एक १५४१ आधीच होता, त्यामुळे आपला दुसरा म्हणून लागला. कॉम्प्युटर ड्राइव्हला क्रमांकाने ओळखतो आणि दोन्हींचा क्रमांक ८ असून चालत नाही, म्हणून आपल्या ड्राइव्हला ९ दिला, तोही बोर्डावरची जोडणी न कापता, आज्ञा देऊन. त्यांच्या मुलीने त्यावर पहिला खेळ लावला तेव्हाचा व्हिडिओ मी तुम्हाला पाठवलाय. आवाज मोठा करून बघा, तो खडखडाट आपलाच आहे.

काका, एवढ्या सगळ्याचे तुम्ही फ्यूजचे पैसे घेतलेत, आणि तेसुद्धा मी पाकीट काढून उभी राहिले म्हणून. ट्रान्सफॉर्मर तुमचा, तेल तुमचं, महिनोन्‌महिने कपाट तुमचं. वाटा घ्यायचं विचारलं तर विषय बदललात. मामी येत्या बुधवारी, कुडाळच्या बाजाराच्या दिवशी, स्वतः तुमच्या दुकानात येणार आहेत. त्यांनी हिशेब लिहून ठेवलाय. मी त्यांना अडवणार नाही, तेव्हा तुम्हीही कृपा करून नाही म्हणू नका.

तुमची मनापासून आभारी,
मालवणच्या मामींची भाची